कल्ला उघडून बघा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकली आणि गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर सॅमन माशांच्या शेतीत नोकरीला लागली. हल्ली फोन केला की म्हणते, "आई, काल रात्रभर माशांना आंघोळ घालत होतो." समुद्रातल्या माशाला गोड्या पाण्याची आंघोळ! कल्ल्यात अमिबा होतो म्हणे. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे, पण असलं कधी ऐकलं नाही. तो अमिबा तिला तर होणार नाही ना? आणि हे काम आहे तरी काय? (एक आई, देवगड)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचता वाचता मला लवंगेचा वास आला. तुमची मुलगी आज करते तेच काम मी टास्मानियाच्या दक्षिणेला, ह्यूऑन नदी समुद्राला मिळते त्या भागात, अकरा वर्षं केलं. माशाचा कल्ला तपासायचा तर आधी त्याला गुंगी द्यावी लागते, आणि तिथलं गुंगीचं औषध लवंगेच्या तेलातल्या द्रव्याच्या सख्ख्या नात्यातलं आहे. थंडीने बोटं बधिर झालेली, हातात चार किलोचा रुपेरी मासा, आणि टबातून येणारा वास मात्र दाढ दुखली की आजी लावायची त्या बोळ्याचा. पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं. तुमच्या मुलीलाही आलं असेल, फोनवर सांगितलं नसेल.

आधी तुमची काळजी मिटवते. हा अमिबा माणसाला होत नाही. तो खाऱ्या पाण्यातला, माशाच्या कल्ल्यावर राहणारा आहे. मुलीला जपायचं ते थंडीपासून, ओल्या निसरड्या डेकपासून आणि रात्रपाळीपासून. लोकरीचे मोजे पाठवा, दोन जोड जास्तच पाठवा.

आता आंघोळीबद्दल. बाजारात बांगडा घेताना तुम्ही आधी काय करता? अंगठ्याने कल्ला उचलता. मला ते मिरकरवाड्याच्या बंदरावर आत्याने शिकवलं. मी सहा-सात वर्षांची असेन. "डोळे फसवतात, खवलं फसवतं, कल्ला फसवत नाही," असं ती म्हणायची आणि मासेवालीच्या नाकावर टिच्चून पाटीतला प्रत्येक मासा उघडून बघायची. पुढे एवढं शिकले, परदेशात गेले, पण माझं सगळं काम शेवटी त्या एका कृतीवर उभं राहिलं.

कल्ला म्हणजे माशाचं फुफ्फुस. बारीक दातांच्या कंगव्यासारख्या लाल लवा असतात, आणि त्या प्रत्येक लवेवर त्याहून नाजूक पापुद्रे, एकापुढे एक उभे. पाणी त्या पापुद्र्यांच्या फटींतून वाहतं आणि पाण्यातला प्राणवायू रक्तात उतरतो. पापुद्रा इतका पातळ असतो म्हणूनच हे जमतं. हा अमिबा नेमका तिथे येऊन बसतो. आकाराने केवढा? एका मिलिमीटरचे पंचवीस-तीस भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. त्याला ना तोंड, ना नांगी. तो नुसता चिकटतो. माशाचं शरीर मात्र घाबरतं आणि त्या जागी कातडी जाड करू लागतं, वर बुळबुळीत चिकटा सोडतं. पापुद्रे जाड होता होता शेजारच्याला चिकटतात, फटी बुजतात, कंगव्याचे दात वितळून एक व्हावेत तसं होतं. उघड्या डोळ्यांना दिसतो तो लाल कल्ल्यावरचा पांढरट, फुगीर ठिपका. मासा पाण्यात असून घुसमटतो. स्वतःला वाचवायला त्याने जे केलं त्यानेच त्याचा श्वास कोंडतो, हे मला अकरा वर्षांत कधी सवयीचं झालं नाही.

उपाय आहे तो गोड्या पाण्याचा. समुद्रातल्या अमिबाच्या पेशीत क्षार भरपूर असतात. त्याला अचानक गोड्या पाण्यात टाकलं की पाणी आत घुसतं, तो फुगतो, कल्ल्यावरची पकड सुटते आणि बहुतेक वेळा फुटतो. सॅमनचं तसं होत नाही, कारण तो मुळात नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. गोडं आणि खारं दोन्ही पाणी त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. त्याच्या या दुहेरी स्वभावाचा आम्ही फायदा घेतो. पूर्वी मोठ्या ताडपत्रीचा हौद समुद्रातच पिंजऱ्याच्या कड्यात बसवायचे, त्यात गोडं पाणी भरायचे, शेजारच्या पिंजऱ्यातले मासे पंपाने त्यात सोडायचे, प्राणवायू चालू ठेवायचा आणि दोन-तीन तास थांबायचं. आता पोटात टाक्या असलेली जहाजं आहेत, त्यांना वेलबोट म्हणतात. पाणी मात्र तेच लागतं, आणि शक्यतो मऊ लागतं. जड, क्षारांच्या पाण्यात अमिबा नीट मरत नाहीत. पाऊस कमी झाला, धरण उतरलं, की मासेवाल्यांच्या पोटात गोळा येतो. समुद्रात शेती करणारी माणसं धरणाची पातळी बघत बसतात, हे तुमच्या मुलीने अजून सांगितलं नसेल तर विचारा.

आंघोळीने सगळे अमिबा जात नाहीत. थोडे उरतात, समुद्रातून नवे येतात, आणि उन्हाळ्यात साधारण महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच. तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. पाणी १७-१८ अंशांवर गेलं, वरून पाऊस नाही, खारटपणा पूर्ण भरलेला, की अमिबाला सुगी येते. म्हणूनच सध्या तुमच्या मुलीच्या रात्री आंघोळी घालण्यात जातात. टास्मानियाच्या पश्चिमेला मॅक्वॉरी हार्बर म्हणून मोठी खाडी आहे. तिथे नद्यांचं कोऱ्या चहाच्या रंगाचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यावर थर धरून राहतं आणि माशांना या रोगाचा जाच जवळजवळ होत नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. श्रावणात खाडीचं पाणी गोडं झालं की तिच्यात काय टिकतं आणि काय निघून जातं, हे आपण लहानपणापासून बघतो.

या रोगाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. टास्मानियात सॅमनची शेती १९८० च्या दशकाच्या मध्याला सुरू झाली आणि पहिल्या एक-दोन हंगामांतच हा रोग दिसला. सॅमन तिथला नाहीच, तो उत्तर अटलांटिकचा. पाहुणा आला आणि पाण्यात आधीपासून असलेल्या अमिबाला नवं घर मिळालं. रोगी कल्ल्यावरून अमिबा काढून प्रयोगशाळेत वाढवले, तेव्हा अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरून आधीच माहीत असलेली एक जात बशीत छान वाढली. झालं, तिच्यावर आळ आला. पण गंमत अशी, की बशीत वाढवलेले ते अमिबा निरोगी माशांना लावले की रोग होईना. रोगी माशावरून थेट काढून लावले की होई. वीसएक वर्षं हे कोडं तसंच राहिलं. शेवटी २००७ मध्ये टास्मानियातल्याच संशोधकांनी जनुकांच्या खुणेवरून कल्ल्यातला अमिबा कल्ल्यातच ओळखला. तो वेगळाच निघाला. त्याला निओपॅरामिबा पेरुरान्स असं नाव दिलं, आता पॅरामिबा पेरुरान्सही म्हणतात. बशीत सहज वाढणारा सोबती होता, गुन्हेगार दुसराच. तरी आरोप सिद्ध करायचा तर रोगी माशातून तो वेगळा काढायचा, बाहेर वाढवायचा, निरोगी माशाला लावायचा, तोच रोग व्हायला हवा आणि त्या माशातून पुन्हा तोच निघायला हवा. हे सगळं २०१२ मध्ये पुरं झालं. जे हाताला सहज लागलं तेच कारण धरून बसायचं, ही चूक मी माझ्या कामात इतक्यांदा केली आहे, की या गोष्टीचा मला आधार वाटतो.

त्या अमिबाच्या पोटात आणखी एक जीव असतो. केंद्रकाला खेटून एक छोटासा गोळा दिसतो. तो अमिबाचा अवयव नाही, आत कायमचा राहायला आलेला दुसराच एकपेशीय जीव आहे, आणि तो काळा आजार करणाऱ्या परजीवीच्या दूरच्या कुळातला आहे. दोघं एकमेकांवाचून जगत नाहीत. मायक्रोस्कोपखाली रंग देऊन पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी जेवायला गेलेच नाही.

आता तुमच्या मुलीच्या रोजच्या कामाबद्दल. माशाचे दोन्ही बाजूंचे मिळून आठ कल्ले, प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे सोळा पृष्ठभाग. एकेक उलगडून पांढरे डाग बघायचे आणि शून्य ते पाच गुण द्यायचे. काही नाही तर शून्य. एखादा ठिपका असेल तर एक, दोन-तीन असतील तर दोन. डाग जाड होऊन कल्ल्याचा पाचवा हिस्सा व्यापला तर तीन, निम्म्यापर्यंत गेला तर चार, त्याहून जास्त तर पाच. पिंजऱ्यातून चाळीसएक मासे असे बघायचे आणि त्यावरून आंघोळ कधी घालायची ते ठरतं. काम कंटाळवाणं आहे. पाठ मोडते. पण त्या पिंजऱ्यातल्या हजारो माशांच्या वतीने बोलणारं तेवढंच एक माणूस असतं.

माझ्याकडून हे एकदा चुकलं. एका फेब्रुवारीत नैर्ऋत्येचा वारा चार दिवस थांबेना, बोट जाईना. मग शनिवार-रविवार आला. मागच्या खेपेचे गुण एकाच्या आत होते, मासे खात होते, वरून सगळं शांत. मुकादम म्हणाला पुढच्या आठवड्यात बघू, आणि मी हो म्हटलं. मी हो म्हटलं, हे महत्त्वाचं. दोन तपासण्यांमध्ये एकोणीस दिवस गेले. त्यात पाणी दीड अंशाने तापलं होतं. पुन्हा कल्ले उघडले तर तीन आणि चार, तीन आणि चार. आंघोळ त्याच रात्री लावली. पण ज्याचा कल्ला निम्मा बुजलाय त्या माशाला जाळं ओढून गर्दीत आणलं की तो दम टिकवू शकत नाही. इलाजाच्या टाकीतच मासे पोट वर करून तरंगू लागले. सकाळी मेलेले मासे मोजायचं काम माझ्याकडे होतं. साडेआठशेच्या पुढे मला आकडा धरवेना, सोबतच्या पोराने पुढचे मोजले.

म्हणून मुलीला माझा एक निरोप द्या. मासा खायचा थांबला, वर येऊन मंद पोहू लागला, कल्ले भराभर हलवू लागला, की रोग लागून बरेच दिवस झालेले असतात. मासा शांत दिसतो तेव्हाच कल्ला उघडायचा. आणि वरच्याने "पुढच्या आठवड्यात" म्हटलं तर तारीख आणि पाण्याचं तापमान लिहून त्याच्या हातात द्यायचं.

हे काम कायम असंच राहील असंही नाही. आता हा रोग फक्त टास्मानियाचा उरलेला नाही. आयर्लंडमध्ये १९९५ च्या सुमाराला दिसला, नॉर्वे आणि स्कॉटलंडमध्ये २००६ मध्ये, आणि २०११-१२ पासून स्कॉटलंडमध्ये त्याने चांगलाच मुक्काम ठोकला. तिकडे गोड्या पाण्याबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइडही वापरतात, पण पाणी जरा उबदार असलं की ते माशाच्याच कल्ल्याला भाजतं. मला आशा वाटते ती बियाण्याची. टास्मानियात २००४ पासून या रोगाला जास्त तोंड देणाऱ्या कुळांचे मासे निवडून त्यांची पैदास करतात. आपण चांगल्या कणसाचं बी राखून ठेवतो तसंच. त्याने आंघोळी कमी झाल्या आहेत. पूर्ण थांबलेल्या नाहीत.

प्रश्न : केरळात पोहणाऱ्या मुलांच्या मेंदूत अमिबा गेल्याच्या बातम्या २०२४ आणि २०२५ मध्ये वाचल्या. आमांशही अमिबानेच होतो. माशातही अमिबा असतो म्हणता. हा सगळा एकच प्राणी आहे का? परदेशातला गोठवलेला सॅमन पुण्यात मिळतो, तो खावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अमिबा हे कुळाचं नावही नाही, चालीचं नाव आहे. शरीराचा आकार बदलत, पाय काढल्यासारखं पुढे सरकत जाणाऱ्या कितीतरी एकपेशीय जीवांना आपण एकाच नावाने हाक मारतो. त्यातले कित्येक एकमेकांचे कुणीच लागत नाहीत.

आमांशाचा अमिबा माणसाच्या मोठ्या आतड्यात राहतो आणि विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, अन्नातून दुसऱ्याकडे जातो. केरळातल्या बातम्यांमधला नेग्लेरिया कोमट गोड्या पाण्यात राहतो. तो पोटातून त्रास देत नाही, नाकात पाणी जोरात गेलं तर तिथून मेंदूकडे सरकतो. म्हणून साचलेल्या कोमट पाण्यात उडी मारताना नाक चिमटीत धरावं, आणि नाक धुण्यासाठी उकळून गार केलेलंच पाणी घ्यावं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात नेग्लेरिया टिकत नाही. सॅमनचा अमिबा बरोबर उलटा, तो गोड्या पाण्यात मरतो आणि त्याला थंड समुद्र लागतो.

सॅमन खुशाल खा. हा अमिबा कल्ल्यावर असतो, मांसात नसतो, आणि कल्ला तुमच्या ताटात येतच नाही. तुकडा नीट शिजवा म्हणेन, पण ते मी कुठल्याही माशाबद्दल म्हणेन. कच्चा सॅमन खाणाऱ्यांना वेगळे धोके आहेत, त्यांचा या अमिबाशी संबंध नाही.

प्रश्न : पेणजवळ आमचं खाजणातलं तळं आहे, जिताडा सोडलाय. गेल्या पंधरवड्यात आठ-दहा मासे मेले. कल्ले पांढरे होते. मोबाइलवर वाचलं की पांढरा कल्ला म्हणजे अमिबा. तळं रिकामं करून गोडं पाणी भरू का? (एक मत्स्यशेतकरी, रायगड)

उत्तर : दादा, थांबा. तळं रिकामं करू नका.

तुम्ही मेलेल्या माशाचा कल्ला बघितलात. मेल्यावर काही तासांत कल्ल्याचं रक्त उतरतं आणि तो फिकट पडतो, मग मासा कशानेही मेलेला असो. पूर्ण कल्ला एकसारखा फिकट असणं वेगळं आणि लाल कल्ल्यावर एकेक फुगीर पांढरा डाग असणं वेगळं. शिवाय वर सांगितलेला रोग थंड समुद्रातल्या पिंजऱ्यांचा आहे. तुमच्या तळ्यातलं पाणी आत्ता २७-२८ अंश असेल, आणि जिताड्याच्या कल्ल्यावर आपल्याकडे जे सापडतं ते बहुधा दुसरंच असतं. बशीसारखा गोल फिरणारा ट्रायकोडिना, कल्ल्याला आकड्याने लटकणारे चपटे कृमी, किंवा जिवाणू. आणि पुष्कळदा परजीवी काहीच नसतो. खाद्य जास्त पडलेलं असतं, तळाला गाळ कुजलेला असतो आणि पहाटे प्राणवायू संपलेला असतो. मासे पहाटेच मरतात का, हे तुम्ही लिहिलं नाही. उद्यापासून तेवढं बघाच. पहाटे पाचला तळ्यावर जा, मासे तोंड वर काढून पाणी ओढत असतील तर आधी खाद्य थांबवा आणि पाणी हलवा.

गोड्या पाण्यात थोडा वेळ ठेवणं हा जिताड्यासाठी चुकीचा उपाय नाही. तोही खाऱ्या-गोड्याचा जीव आहे, आणि समुद्री परजीवी त्याने गळून पडतात. पण तो हौदात, मोजक्या माशांवर, डोळ्यांसमोर उभं राहून, प्राणवायू चालू ठेवून करायचा असतो. सगळ्या तळ्याचं पाणी एका दिवसात बदललंत तर जे आज जगलेत तेही हातचे जातील. आणि कारण काय ते कळल्याशिवाय तोही करू नका. रोगाचं नाव आधी ठरवून मग माशात तो शोधायला गेलं की तो सापडतोच, हा माझा अनुभव वर सांगितलाच आहे.

तपासणीला मासा जिवंत लागतो. मेलेला, बर्फातला आणलात तर कल्ल्यावरचे परजीवी केव्हाच निघून गेलेले असतात आणि मायक्रोस्कोपखाली फक्त चिकटा दिसतो. मंद पोहणारे, कडेला येणारे तीन-चार मासे आणि एक अगदी धडधाकट मासा असे चार-पाच पकडा. धडधाकट मासा विसरू नका, त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय आजाऱ्याचं काही कळत नाही. जाड पिशवीत तिसरा हिस्सा तळ्याचंच पाणी, बाकी प्राणवायू भरून तोंड बांधा आणि उन्हं चढायच्या आत जवळच्या मत्स्य विभागाच्या कार्यालयात किंवा मत्स्य महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पोहोचवा. तिथला माणूस कल्ल्याची चिमूटभर लव कापेल, त्याच पाण्याचा थेंब टाकून काच ठेवेल आणि लगेच बघेल. त्याच्या शेजारी उभे राहा, तुम्हीही डोळा लावून बघा. तळ्याच्या पाण्याची एक लिटरची बाटली वेगळी भरून न्या, तळाजवळचं पाणी घ्या, वरचं नको, आणि बाटलीवर वेळ लिहा.